स्ट्रोकनंतरची फिजिओथेरपी: आठवड्याचे दोन तास आणि बाकीचा आठवडा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. वडील ६१ वर्षांचे, साखर कारखान्यातून निवृत्त, बीपी आणि शुगर दोन्ही. पाच आठवड्यांपूर्वी मेंदूच्या डाव्या भागात गुठळी अडकली आणि उजवी बाजू लुळी पडली. बोललेलं समजतं, पण शब्द बाहेर येत नाहीत. आता आधार दिला तर उभे राहतात, पाय ओढत घरातल्या घरात चालतात. हाताचं म्हणाल तर खांदा जरासा उचलतात, बोटं मिटलेलीच. फिजिओ आठवड्यातून तीन दिवस येतात, ४० मिनिटं थांबतात. त्यातला बराच वेळ हाताला करंटचं मशीन लावतात, उरलेल्या वेळात हातपाय हलवून देतात. नातेवाईक म्हणतात, तीन महिन्यांत येईल तेवढंच, पुढे काही येत नाही. भाऊ म्हणतो, हॉस्पिटलवाल्यांनी पहिल्याच दिवशी चालवायला हवं होतं. आणि तुम्ही विचारताय की फिजिओ रोज दोन वेळा लावू, पुण्याच्या रिहॅब सेंटरमध्ये ठेवू, की गावाकडच्या मालिशवाल्याकडे नेऊ.

मला यातला खरा प्रश्न वेगळा दिसतो. ४० मिनिटं तीनदा, म्हणजे आठवड्याला दोन तास. बाबा जागे असतात ते साधारण शंभर तास. या दोन तासांचे नऊ करण्याआधी दोन गोष्टी बघा: त्या दोन तासांत बाबा स्वतः काय करतात, आणि उरलेल्या अठ्ठ्याण्णव तासांत त्यांच्या वाट्याला काय येतं. तुमच्या वर्णनात करणारे सगळे दुसरेच आहेत. मशीन करतंय, फिजिओ हलवताहेत, आई भरवतेय, भाऊ उचलून बसवतोय. बाबा कुठे काही करताना दिसले नाहीत.

मी त्यांना पाहिलेलं नाही, त्यामुळे काही गोष्टी मला इथून सांगता येणार नाहीत. गुठळी नेमकी कुठे होती आणि मेंदूचा किती भाग गेला, यावर खूप काही ठरतं. उजव्या हातापायाला स्पर्श कळतो का? त्यांना डोळे मिटायला सांगून उजवा अंगठा हलवला तर वर गेला की खाली, हे ओळखतात का? संवेदना गेलेली असेल तर स्नायूत ताकद येऊनही हात नीट वापरता येत नाही आणि पाय टाकताना भरवसा राहत नाही. हृदयाची तपासणी काय सांगते, शुगर किती वरखाली होते, त्यांचं मन कशात लागतं का, हेही तितकंच महत्त्वाचं. त्यांना समजतं, ही जमेची बाजू आहे. ज्यांची डावी बाजू जाते, त्यांतल्या काहींना आपली डावी बाजू आहे हेच लक्षात राहत नाही, ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते. तो त्रास बाबांना बहुधा नसेल, त्यामुळे सूचना देणं सोपं जाईल. फक्त सूचना लहान हवी आणि एका वेळी एकच. तोंडाने सांगण्याबरोबर करूनही दाखवा.

आता भावाच्या तक्रारीबद्दल. पहिल्या २४ तासांत रुग्णाला उठवून भरपूर हालचाल करून घेतली तर फायदा होईल, असं आम्हा फिजिओ मंडळींनाही वाटायचं. त्यावर ‘अ‍ॅव्हर्ट’ नावाचा मोठा अभ्यास झाला. पाच देशांतले २,१०४ रुग्ण होते, निष्कर्ष २०१५ मध्ये आले. लवकर आणि जास्त प्रमाणात उठवलेल्या गटाची तीन महिन्यांनंतरची स्थिती थोडी वाईटच निघाली. थोडा थोडा वेळ, पण दिवसातून जास्त वेळा उठवणं हे त्यातल्या त्यात बरं ठरलं. त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस हॉस्पिटलने सबुरीने घेतलं असेल, तर त्यावरून घरात वाद नको.

तीन महिन्यांच्या गोष्टीत अर्धं तथ्य आहे. स्ट्रोकनंतर सुधारणा दोन वाटांनी येते. एक आपोआपची. गुठळीच्या भोवतालचा काही भाग मेलेला नसतो, नुसता बधिर झालेला असतो. सूज उतरते, रक्तपुरवठा सावरतो, तसा तो कामाला लागतो. ही सुधारणा पहिल्या काही आठवड्यांत झपाट्याने होते आणि तीन महिन्यांच्या आसपास मंदावते. दुसरी वाट शिकण्याची. जो भाग गेला त्याचं काम मेंदूचे उरलेले भाग थोडंफार उचलतात, पण तेच काम पुन्हा पुन्हा करायचा प्रयत्न झाला तरच. या दुसऱ्या वाटेला तारखेची मुदत नाही. सुरुवातीला मेंदू शिकायला जास्त तयार असतो, एवढं खरं.

चालण्याबाबत याचा चांगला पुरावा आहे. अमेरिकेत ४०८ रुग्णांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लीप्स’ अभ्यासात तीन गट होते. एकाला दोन महिन्यांनंतर कमरेला पट्टे बांधून ट्रेडमिलवर चालवलं, दुसऱ्याला तेच सहा महिन्यांनंतर, आणि तिसऱ्याला फिजिओने घरी जाऊन ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम दिले. वर्षाअखेर ५२ टक्के लोक चालण्याच्या वरच्या पायरीवर पोचले होते, आणि तिन्ही गटांत फरक नव्हता. मला यात दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. सहा महिन्यांनी सुरू केलेलेही मागे राहिले नाहीत. आणि घरातल्या साध्या व्यायामांनी महागड्या यंत्राची बरोबरी केली. तुमच्या पुण्याच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथे आहे. त्याच अभ्यासात निम्म्याहून जास्त लोक वर्षभरात एकदा तरी पडले होते, हेही लक्षात असू द्या.

म्हणून ‘तीन महिन्यांत आटपायचंय’ अशी घाई नको, आणि ‘होईल हळूहळू’ असं बसून राहणंही नको. पाचव्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ चांगला आहे, तो मशीनखाली पडून घालवू नये, इतकंच.

मशीनबद्दल सविस्तर लिहिते, कारण आपल्याकडे ‘फिजिओथेरपी म्हणजे करंट’ असं समीकरण झालंय आणि त्याला आमचा व्यवसायही जबाबदार आहे. मशीन लावलं की उपचार झाल्यासारखं वाटतं, घरच्यांनाही आणि कधीकधी आम्हालाही. करंट निरुपयोगी नाही. मनगट आणि बोटं उघडणाऱ्या स्नायूंवर, किंवा पाऊल वर उचलणाऱ्या स्नायूवर तो देता येतो. खांद्याचा सांधा खाली सरकला असेल तर तिथेही सुरुवातीला उपयोग होतो. पण करंट आला त्याच क्षणी रुग्णाने स्वतः बोटं उघडायचा जोर लावला, तर मेंदूचा हुकूम आणि स्नायूची हालचाल एकत्र येतात. बाबा टीव्ही बघताहेत आणि हात आपोआप उडतोय, यातून शिकणं फारसं होत नाही. हातपाय हलवून देण्याचंही तसंच. सांधे आखडू नयेत म्हणून ते हवंच, दिवसातून दोनदा पुरे, आणि तेवढं घरचं माणूस शिकून घेऊ शकतं. मुलाला कॅरिअरवर बसवून आपणच पेडल मारत राहिलो तर त्याला सायकल येईल का? फिजिओच्या ४० मिनिटांत बाबांना घाम यायला हवा, फिजिओला नव्हे.

किती वेळा करायचं, हा मुद्दा आमच्या क्षेत्रातही बराच काळ दुर्लक्षित होता. अमेरिका आणि कॅनडातल्या केंद्रांत प्रत्यक्ष बसून मोजणी केली गेली, ती २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. हाताचे कामाचे प्रयत्न एका सत्रात सरासरी ३२ निघाले आणि पावलं ३५७. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूतल्या जोडण्या बदलताना दिसल्या त्या रोज शेकडो वेळा केलेल्या हालचालींनी. ब्रिटनच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत तर दिवसाला किमान तीन तास, आठवड्याला किमान पाच दिवस पुनर्वसन द्यावं असं म्हटलंय. त्यात फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं पुन्हा शिकवणारी) आणि स्पीच थेरपी (बोलणं आणि गिळणं सुधारणारी) सगळं आलं. तालुक्याच्या गावात हे तीन तास कोणी घरी येऊन देणार नाही. ते घरच्या दिवसातच बसवावे लागतात.

पायापासून सुरुवात करू, कारण तिथे लवकर दिसेल.

सगळ्यात कामाचा व्यायाम म्हणजे बसल्या जागेवरून उठणं आणि सावकाश बसणं. पायाची ताकद, तोल, संडासला जाणं, सगळं त्यात येतं. हातांची खुर्ची नको, कारण बाबा डाव्या हाताने रेटा देऊन उठतील आणि उजवा पाय नुसता बघत राहील. पलंगाच्या कडेवर बसवा, हवं तर खाली घट्ट गादी घालून उंची वाढवा. दोन्ही पावलं जमिनीवर, उजवं पाऊल डाव्याच्या किंचित मागे. उजवं मागे घेतल्याने वजन त्याच्यावर येतं. पुढे वाका, नाक गुडघ्यांच्या पुढे आलं पाहिजे, मग उठा. बसताना धपकन टेकायचं नाही. तुम्ही उजव्या बाजूला, हात त्यांच्या गुडघ्यापाशी, गुडघा आत वळला तर सावरायला. दहा वेळा जमलं की थोडी विश्रांती. असं दिवसातून पाच-सहा वेळा, शक्यतो दिनक्रमाला बांधून: चहाआधी, अंघोळीआधी, जेवणाआधी. आठवडाभराने सोपं वाटू लागलं की गादी काढा, उंची कमी करा. सोपं झाल्यावरही तसंच चालू ठेवलं तर पुढची सुधारणा थांबते. हे फिजिओच्या लक्षात आणून द्यावं लागू नये, पण लागलं तर द्या.

दुसरं, उभं राहून वजन उजवीकडे घेणं. ओट्याला किंवा खिडकीच्या गजाला डाव्या हाताने हलकेच धरून उभं करा आणि डावं पाऊल समोर ठेवलेल्या पाटावर टेकवायला सांगा. डावं पाऊल उचललं की उजव्या पायाला काम करावंच लागतं. बहुतेक घरांत उलटं होतं, लुळा पाय उचलायचा सराव देतात. उचलायला तो शिकेल, पण त्याने आधी वजन पेलायला शिकलं पाहिजे.

चालताना पंजा खाली अडकतो आणि पाऊल आत वळतं, असं तुम्ही लिहिलंय. फिजिओला विचारून पायाची स्प्लिंट, आम्ही तिला एएफओ म्हणतो, मापाची करून घ्या. ‘स्प्लिंटची सवय लागेल’ म्हणून लोक महिनोन्‌महिने थांबतात आणि तेवढ्यात माणूस चुकीचं चालायला शिकतो किंवा पडतो. नको झाली की काढता येते. चालवताना आधार उजव्या बाजूने, कमरेला रुंद पट्टा बांधून त्याला धरा. त्यांचा लुळा हात तुमच्या मानेभोवती घेऊन ओढत नेणं आजपासून बंद.

प्रगती मोजायची एक सोपी रीत सांगते. अंगणात किंवा गल्लीत दहा मीटरची दोन टोकं खुणा करून ठेवा आणि बाबांना नेहमीच्या वेगाने, नेहमीच्या आधाराने चालवा. दोन्ही टोकांच्या पलीकडे एक-दोन मीटर मोकळी जागा ठेवा. २५ सेकंदांपेक्षा जास्त लागत असतील, तर साधारणपणे चालणं घरापुरतंच असतं. २५ ते साडेबारा सेकंदांच्या मधे असेल तर घराबाहेर थोडंफार जमतं. साडेबाराच्या आत आलं, तर बाजारात, देवळात, कट्ट्यावर जाणं शक्य होतं. दर पंधरा दिवसांनी एकदा मोजून वहीत लिहा. ‘बरं वाटतंय’ आणि ‘काही फरक नाही’ यांवर घरात होणारे वाद त्या वहीने मिटतात.

हाताबद्दल मला जास्त सावध राहून लिहायला लागणार आहे. हात पायापेक्षा उशिरा आणि कमी सुधारतो. चालायला पायाची ढोबळ ताकद पुरते. बटण लावायला प्रत्येक बोट वेगळं चालावं लागतं. नेदरलँड्समध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, स्ट्रोकनंतर पहिल्या तीन दिवसांत ज्यांना बोटं थोडी उघडता येत होती आणि खांदा बाजूला उचलता येत होता, त्यांतल्या ९८ टक्के लोकांचा हात सहा महिन्यांत काही ना काही कामाचा झाला. ज्यांना दोन्ही जमत नव्हतं, त्यांच्यात हे प्रमाण २५ टक्के होतं. बाबांना पाचव्या आठवड्यात बोटं उघडता येत नाहीत. म्हणजे हात पूर्ववत होईल, असं मी म्हणणार नाही; तसं आश्वासन कोणी देत असेल तर जरा जपून. पण पंचवीस टक्के म्हणजे शून्यही नव्हे. आणि ‘कामाचा’ या शब्दात बरंच काही येतं: कागद दाबून धरणारा, पिशवी अडकवणारा, भाकरी मोडताना ताट स्थिर ठेवणारा हातही कामाचाच.

सध्या प्रयत्न कशाचा करायचा? उघडण्याचा. टेबलावर टॉवेल पसरून त्यावर उजवा हात, वर डावा हात ठेवून पुढे सरकवणं, मग डाव्याची मदत कमी करत नेणं. आरसा उभा करून त्यामागे उजवा हात लपवायचा, डावा हात हलवत आरशातल्या प्रतिमेकडे बघायचं आणि उजव्यानेही तसंच करायचा प्रयत्न करायचा. याला मिरर थेरपी म्हणतात. साध्या भिंतीवरच्या आरशावर भागतं आणि रोज अर्धा तास दिला तर फायद्याचा पुरावा बरा आहे. चांगला हात बांधून ठेवून लुळाच हात वापरायला लावायची पद्धतही तुम्ही कुठेतरी वाचली असेल. ती परिणामकारक आहे. तीन ते नऊ महिने झालेल्या २२२ रुग्णांवर तिचा मोठा अभ्यास झाला आणि २००६ मध्ये आला. पण ती मनगट-बोटं थोडी तरी स्वतः उघडणाऱ्यांसाठी आहे. बाबांना ती आत्ता लावली तर ते फक्त चिडतील.

मऊ रबरी बॉल मात्र कपाटात ठेवून द्या. भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा तो घेऊन येतो. मूठ मिटणं हे बाबांच्या हाताला आपसूक येतंय. अडचण मूठ सोडण्याची आहे, आणि बॉल दाबून सोडणं शिकता येत नाही.

खांद्याला जपा. हा सांधा हाडांच्या खोबणीपेक्षा स्नायूंच्या जोरावर टिकतो, आणि ते स्नायूच ढिले पडलेत. काखेत हात घालून उचललं, हात धरून ओढलं, की आतल्या ऊतींना इजा होते आणि खांदा दुखायला लागतो. खांदा दुखू लागला की झोप जाते आणि मग माणूस हाताला हातच लावू देत नाही. वरून दोरी टाकून पुलीने हात ओढायचा व्यायाम अजून बऱ्याच ठिकाणी दिला जातो. १९९० मध्ये वेगवेगळ्या व्यायामांची तुलना झाली तेव्हा पुलीच्या गटात खांदेदुखी सर्वांत जास्त निघाली होती. मी पुली देत नाही. बसताना उजव्या हाताखाली उशी किंवा टेबल असू द्या. झोळी फक्त चालताना, दिवसभर नको. शर्ट घालताना आधी उजवा हात, काढताना शेवटी उजवा. हाताचा पंजा सुजून लाल, गरम आणि दुखरा झाला तर डॉक्टरांना लगेच दाखवा.

इथवरचं थोडक्यात: उठबस रोज भरपूर, उजव्या पायावर वजन, मापाची स्प्लिंट, बोटं उघडायचा प्रयत्न, खांद्याला ओढाताण नाही.

आता आईबद्दल. तुमच्या पत्रात ती सगळं करताना दिसते: भरवते, दाढी करून देते, पाणी तोंडाला लावते. तिने पाच आठवड्यांपूर्वी जे पाहिलं त्यानंतर तिला दुसरं काही सुचणं कठीण आहे. पण बाबांना जे आता जमू शकतं ते तरी त्यांच्याकडे सोपवायला हवं. सगळं एकदम नाही. पहिल्या आठवड्यात जेवण: डाव्या हाताने चमचा, उजवा हात ताटाला टेकवून समोर, मांडीवर पडलेला नाही. ठसका लागत असेल तर मात्र आधी स्पीच थेरपिस्टकडून गिळणं तपासून घ्या; पातळ पाणी फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. मग तोंड पुसणं, केस विंचरणं, बनियन घालणं. अर्ध्या तासाचं काम होईल. होऊ दे, तोच व्यायाम आहे. बोलण्याचंही असंच: ते शब्द शोधत असतात तेव्हा आई वाक्य पुरं करून टाकते. दहा सेकंद थांबायला सांगा. दहा सेकंद फार लांब वाटतात, तरीही.

म्हणजे घरच्यांनीच सगळं करावं आणि फिजिओ बंद करावा, असं मी म्हणत नाही. तसा प्रयोग आपल्याच देशात झालाय. ‘अटेंड’ नावाच्या अभ्यासात भारतातल्या १४ हॉस्पिटलांतल्या १,२५० रुग्णांपैकी निम्म्यांच्या नातेवाइकांना घरी पुनर्वसन करून घ्यायला शिकवलं गेलं. २०१७ मध्ये निष्कर्ष आले: सहा महिन्यांनंतर मृत्यू किंवा परावलंबन यांत काहीही फरक नव्हता. मी तो वाचला तेव्हा वाईट वाटलं, कारण आपल्यासारख्या देशाला ते परवडणारं उत्तर ठरलं असतं. माझा अर्थ असा की एकदा शिकवून घरी सोडून देणं पुरत नाही. कोणता व्यायाम कधी अवघड करायचा, माणूस चुकीच्या पद्धतीने फसवून काम भागवतोय का, हे बघायला प्रशिक्षित डोळा वरचेवर लागतो. आणि मेहनत मात्र घरातच व्हावी लागते. दोन्ही लागतं.

ते चिडतात, मधेच रडू लागतात, व्यायामाला नको म्हणतात, हे तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. स्ट्रोकनंतर साधारण तीनांतल्या एकाला नैराश्य येतं. काहींना मेंदूच्या इजेमुळे रडू किंवा हसू आवरत नाही, तेव्हा मनात तसं काही नसतंही. दोन्हींवर औषधं आहेत. ‘बाबा हट्टी झालेत’ असं म्हणून सोडू नका, पुढच्या भेटीत न्यूरॉलॉजिस्टना मुद्दाम सांगा. नैराश्यातला माणूस व्यायाम करत नाही, आणि मग दोष फिजिओथेरपीवर जातो.

मालिशबद्दल माझं मत लोकांना वाटतं तितकं कडक नाही. आईने हलक्या हाताने तेल लावलं, बाबांना बरं वाटलं, तर लावू दे. त्याने लकवा बरा होत नाही, एवढं मनात स्पष्ट असलं की झालं. माझा विरोध तीन गोष्टींना आहे. हातपाय झटकून, कडकड मोडून ‘नस मोकळी’ करणारे. गरम विटेचा किंवा पिशवीचा शेक, कारण त्या बाजूला चटका कळत नाही आणि शुगरवाल्याची जखम महिनोन्‌महिने भरत नाही. आणि तिसरं सर्वांत धोक्याचं: ‘आमचं औषध चालू असेपर्यंत इंग्रजी गोळ्या बंद’ असं सांगणारे. कबुतराचं रक्त लावणारे, झाडपाला देणारे, सगळे यात येतात. रक्त पातळ ठेवणारी आणि बीपीची गोळी थांबली तर दुसरा झटका येऊ शकतो, आणि त्यानंतर माझ्यासारखीला फारसं काही करता येत नाही. तंबाखू किंवा मिश्रीची सवय असेल तर तीही याच यादीत.

व्यायाम करताना छातीत दुखलं, धाप लागली, पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली, तर थांबा आणि डॉक्टरांना गाठा. चेहरा वाकडा, हात नव्याने गळालेला, बोलणं आणखी बिघडलेलं दिसलं, तर फिजिओला फोन करत बसू नका. सीटी स्कॅनची सोय असलेलं हॉस्पिटल थेट गाठा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, आणि बाबांना ते आता देता येईल की नाही हे तिथले डॉक्टर ठरवतील.

आता पुणे की घर. बाबा खुर्चीत दोन तास बसू शकत असतील, सूचना समजत असतील आणि खर्च कर्ज न काढता झेपणार असेल, तर दोन-तीन आठवड्यांचं निवासी पुनर्वसन या काळात उपयोगी पडू शकतं. त्याहून लांब मुक्कामाच्या मी फारशी बाजूची नाही, कारण तिथल्या समांतर दांड्यांमध्ये शिकलेलं चालणं तुमच्या घराच्या उंबऱ्यावर अडतं. भरती करण्याआधी विचारा: दिवसात प्रत्यक्ष किती तास थेरपी, त्यातली गटात किती आणि एकट्याची किती? ऑक्युपेशनल आणि स्पीच थेरपिस्ट तिथे रोज असतात का? आल्यावर आणि निघताना काय काय मोजतात? आईला राहून शिकता येईल का? उत्तरात फक्त रोबो आणि मशीनची नावं आली, तर दुसरीकडे बघा. पैशांची ओढाताण असेल तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतले फिजिओथेरपी विभाग आहेत. मुंबईला कोणी नातेवाईक असतील तर हाजीअलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था याच कामासाठी १९५५ पासून आहे.

पण खरं सांगायचं तर मी आधी हे करून पाहीन. सध्याचे फिजिओ बदलण्याआधी त्यांच्याशी बोला. म्हणा, मशीन दहा मिनिटांवर आणू या, बाकी वेळ बाबांना उभं करून काम करू या, आणि पुढच्या भेटीपर्यंत आम्ही काय करायचं ते दर वेळी लिहून द्या. बहुतेक जण आनंदाने तयार होतात; मशीनचा आग्रह पुष्कळदा घरच्यांचाच असतो. ते तयार नसतील, किंवा महिनाभरात वहीतले सेकंद हललेच नाहीत, तर न्यूरोचा अनुभव असलेला दुसरा फिजिओ शोधा आणि राज्याच्या कौन्सिलकडे त्याची नोंदणी आहे ना, ते बघून घ्या. मोरीत दोन पक्के दांडे आणि संडासात कमोड खुर्ची मात्र या कशाचीही वाट न बघता याच आठवड्यात बसवा. ओल्या फरशीवर मांडी मोडली, तर वरचं सगळं तीन महिने मागे जाईल.